नाक्यावरची ताई आणि काकांची फाइल

जिने बनवणाऱ्या त्या कारखान्यात ड्रॉइंगच्या खोलीत शिरायचं तर आधी नाक्यावर थांबावं लागतं. नाका म्हणजे दाराशी, छत्र्यांच्या स्टँडला टेकवलेलं एक लहान टेबल आणि त्यावरचा एक म्हातारा कॉम्प्युटर. त्याला इंटरनेट नाही, आतल्या मशीनशी त्याचं काही नातं नाही, आणि त्याच्या पंख्याची घरघर अशी की नवख्या माणसाला वाटावं, शेजारी गिरणी चालू आहे. बाहेरून आलेला कुठलाही पेन ड्राइव्ह, मग तो गिऱ्हाइकाचा असो नाहीतर खुद्द मालकीणबाईंचा, आधी या म्हाताऱ्याच्या तोंडात जातो. मेलवर आलेली ड्रॉइंगसुद्धा आधी इथे आणून उघडली जातात. म्हातारा सगळं चघळून बघतो, आणि शेजारी बसलेल्या बाईने मान हलवली की मगच माल आत जातो.

या बाईला सगळे जकात म्हणतात. तोंडावर जकातताई, पाठीमागे नुसतंच जकात. तिला हे ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, पण कबूल करायची ती नाही. मालकीणबाईंनी एकदा घाईत असताना पेन ड्राइव्ह मुठीत लपवून आत न्यायचा प्रयत्न केला होता. जकातताईने खुर्चीवरून न उठता नुसता हात पुढे केला. मालकीणबाईंनी शाळेतल्या पोरीसारखा तो तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "कारखाना माझा आहे ना गं?"

"कारखाना तुमचाच आहे," ताई म्हणाली. "पेन ड्राइव्ह कुठेकुठे हिंडून आलाय ते मात्र देवालाच माहीत."

नाका सांभाळणं हे तिचं वरचं काम. पगार मिळतो तो ड्रॉइंग काढायचा. सरळ जिने, वळणाचे जिने, माळ्यावर जायचे चिंचोळे जिने, मधल्या एका नळाभोवती फिरत जाणारे गोल जिने, सगळे ती कॉम्प्युटरवर काढते, आणि तिचं ड्रॉइंग मागच्या शेडमध्ये पत्रा कापायच्या मशीनला जातं. तिथे ते थेट लोखंडात उतरतं. म्हणून तर ती इतकी कडक. कागदावरची चूक खोडता येते, लोखंडातली पायाला लागते, असं ती म्हणते, आणि हे वाक्य तिचं नाही हेही लगेच सांगून टाकते. ते काकांचं आहे.

काका म्हणजे कुणाचेच सख्खे काका नव्हेत. खोलीतले सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन, खिडकीजवळच्या टेबलावर बसणारे, डोक्यावर मोजके केस आणि त्या प्रत्येक केसाला जागेवर बसवायची फार हौस. ताई या खोलीत आली तेव्हा ती ड्रॉइंग काढायला आलीच नव्हती. ती आली होती कागद दुमडायला. नवऱ्याच्या कंपनीला कुलूप लागलं होतं, लेक अजून रांगत होती, आणि मिळेल त्या कामाला हो म्हणायचे दिवस होते. चादरीएवढ्या प्रिंटा घडी घालून पाकिटात भरायच्या, आणि घडी अशी पडायला हवी की खालच्या कोपऱ्यातलं जिन्याचं नाव बरोबर वर आलं पाहिजे. ती घडी घालायची आणि घालता घालता बोटाने पायऱ्या चढायची. एक, दोन, वळण, पुन्हा वर. काकांनी ते पाहिलं.

"ए पोरी, नुसत्या बोटाने किती दिवस चढणार?" ते म्हणाले. "बस इथे."

जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला सारून ते तिला शिकवू लागले. तिने काढलेला पहिला जिना बघून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, कारण जिन्याच्या पहिल्याच पायरीवर दार उघडत होतं. "या घरातल्या लोकांनी काय, दार उचलून बगलेत मारायचं आणि वर जायचं?" पण हसून झाल्यावर त्यांनी ते ड्रॉइंग टाकून दिलं नाही. खिडकीच्या चौकटीला चिकटवलं, आणि दार कुठे हलवायचं ते तिचं तिला सापडेपर्यंत तिथेच राहू दिलं. कुणी आपल्या चुकीला इतक्या मानाने भिंतीवर जागा देईल असं ताईला आयुष्यात वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून ती त्यांची झाली. आजही घरी काकांचा विषय निघाला की तिचा आवाज हळू होतो. नवरा, जो आता शाळेची बस चालवतो आणि बसमधल्या पोरांइतकाच वात्रट आहे, चिडवायला म्हणतो, "आलं बघा हिचं दैवत." ती रागावत नाही. खरंच आहे ते.

आता काकांच्या फाइलची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

ड्रॉइंगचा प्रोग्राम सुरू होताना एक ठरावीक नावाची छोटी फाइल शोधतो आणि सापडली तर आधी ती वाचतो. त्या फाइलमध्ये आपल्याला हव्या त्या कमांड लिहून ठेवता येतात. बहुतेक लोक त्या भानगडीत पडत नाहीत. काका पडले होते. वर्षानुवर्षं, सवड मिळेल तेव्हा एकेक ओळ वाढवत त्यांनी त्या फाइलमध्ये आपला सगळा हात उतरवला होता. दोन अक्षरं दाबली की पायऱ्यांची उंची सारखी वाटली जाई. आणखी दोन दाबली की गोल जिना नळाभोवती फिरत उभा राही. सगळं कंसांच्या भाषेत, कंसात कंस, त्यात आणखी कंस, आणि एक जरी बंद करायचा राहिला तरी प्रोग्राम रुसून बसणार. आणि प्रोग्राम सुरू झाला की पडद्याच्या तळाशी काकांनी लिहिलेली एक ओळ उमटायची: आधी पाणी प्या, मग रेघ मारा.

खोलीतल्या सगळ्या मशीनवर तीच फाइल होती. प्रोग्राम रोज सकाळी विचारायचा, या फाइलची खात्री नाही, तरी चालवू का? आणि खोलीतली सगळी माणसं न वाचताच "हो" दाबायची. काकांची फाइल, तिची कसली खात्री करायची?

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला तो गेलाच. बोलणं आलं परत, चालणंही बऱ्यापैकी आलं, पण उजवा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून राहू लागला. सगळ्यांनी गृहीत धरलं, आता काका घरी बसणार. काका परत आले. ताईचा हात धरून जिन्याची एकेक पायरी चढत आले, आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "डावा आहे ना अजून."

पण एकाच हाताने माउसही धरायचा आणि कीबोर्डही चालवायचा म्हणजे जीव मेटाकुटीला यायचा. तेव्हा दोघांनी बसून फाइल नव्याने लावली. काका जुनी फाइल वाचून सांगायचे, ताई टाइप करायची. सगळ्या कमांड कीबोर्डच्या डाव्या टोकाला आणल्या, दोन अक्षरांच्या एका अक्षरावर आणल्या, लांबलचक कामं एका बटणात कोंबली. गोल जिना आता नुसतं "जी" दाबून उभा राहायचा. काका माउस सोडून एक बोट टेकवायचे आणि पुन्हा माउस धरायचे. हळूहळू त्यांचा डावा हात असा चालू लागला की मागच्या शेडमधले लोक मुद्दाम बघायला यायचे. ती फाइल म्हणजे काकांचा उजवा हातच होती म्हटलं तरी चालेल.

आणि हा हात ताईने स्वतःच्या हाताने कापला.

झालं असं. काही दिवस मशीन विचित्र वागत होत्या. जोडलेली आकृती सुटी करायची कमांड चालेना. ड्रॉइंग उघडायला वेळ लागे. मग एक दिवस कठडेवाल्याचा फोन आला. हा माणूस कारखान्याच्या जिन्यांना कठडे बसवतो. लांब मिशा, आवाज भोंग्यासारखा, मन लोण्यासारखं, पण ते लोणी कळायला आधी भोंगा सोसावा लागतो. जिन्याचं ड्रॉइंग याच्याकडे जातं, त्यावर तो कठडा काढतो आणि परत पाठवतो. आणि पाठवताना सगळेच पाठवतात तसा आख्खा फोल्डर पाठवतो, कारण एखादी जोडफाइल राहिली तर समोरच्याला अर्धंच ड्रॉइंग दिसतं.

"माझ्या सगळ्या मशीन आजारी पडल्यात हो," तो ओरडला. "कसलं तरी दुखणं लागलंय. तुमच्याकडून आलंय का?"

"आमच्याकडून?" ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "आमच्याकडे नाका आहे, नाका! तुमच्याकडूनच आलंय ते आमच्याकडे. पेन ड्राइव्ह गावभर फिरवता आणि वर आम्हालाच विचारता?"

फोन ठेवून ती कामाला लागली. शोधून, वाचून तिला कळलं की ड्रॉइंगच्या प्रोग्रामला लागणारा हा एक जुनाच व्हायरस आहे. तो त्याच ठरावीक नावाच्या छोट्या फाइलच्या रूपात येतो आणि ज्या फोल्डरमधलं ड्रॉइंग उघडाल त्या फोल्डरमध्ये गुपचूप स्वतःची नक्कल ठेवतो. फोल्डर दुसऱ्याला दिला की नक्कल सोबत गेलीच. साधा अँटिव्हायरस पुष्कळदा त्याला ओळखतही नाही, कारण दिसायला तो चार ओळींचा मजकूर. उपाय सोपा दिला होता: त्या नावाची फाइल जिथे जिथे सापडेल तिथून काढून टाका. कठडेवाल्यालाही तिने फोन करून तेच बजावलं.

सुट्टीच्या दिवशी, खोलीत कुणी नसताना, ताईने पदर खोचला. प्रत्येक मशीन, प्रत्येक फोल्डर, सर्व्हर, सगळं तिने पिंजून काढलं. ते नाव दिसलं की पूस. बॅकअपमध्येही तेच विष साठलं असणार म्हणून बॅकअपही धुऊन काढला. कचरापेटी रिकामी केली. दुपारपर्यंत सगळं लख्ख झालं, आणि दिवाळं निघालं ते कळायच्या आत ती समाधानाने घरी जाऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. टोपी खुंटीला लावली, केस बसवले, मशीन सुरू केली. एका ग्रंथालयाचा गोल जिना त्यांच्याकडे होता, अर्ध्यावर आलेला. ताई नाक्यावर बसून सगळ्यांना आपण काय काय साफ केलं ते रंगवून सांगत होती. काकांनी "जी" दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग ते पडद्याच्या तळाशी बघत राहिले. तिथे ओळ नव्हती.

"ताई," ते म्हणाले, "आज पाणी विचारलं नाही गं याने."

तेव्हा कुठे तिला उमगलं. व्हायरसचं नाव आणि काकांच्या फाइलचं नाव एकच. प्रोग्राम तेच एक नाव ओळखतो म्हणून काकांनी ते ठेवलं होतं आणि त्याचसाठी व्हायरस लिहिणाऱ्यानेही. सगळं पुसताना रोज डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. ती उठून काकांच्या टेबलापाशी गेली.

"काका, मी..."

"असू दे," काका म्हणाले. "पुन्हा लिहू."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते लिहायला बसले. आणि तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली, जी काकांनी आजवर झाकून ठेवली होती. झटक्यानंतर त्यांना त्या कमांड वापरता येत होत्या, पण नव्याने लिहिता येत नव्हत्या. कंस उघडला की बंद करायचा विसरायचे. कोणती अक्षरं कुठल्या कामाची ते बोटांना माहीत होतं, तोंडाने सांगता येत नव्हतं. ताईला तर कंसांच्या त्या जंगलात कधी वाट सापडलीच नव्हती. ती नुसती सांगितलेलं टाइप करायची. दोन दिवस दोघं झगडले. एकही कमांड धड उभी राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनी टेबलाचा खण आवरला. पट्टी, चष्म्याचं घर, औषधाची डबी एकेक करून पिशवीत ठेवली.

"ग्रंथालयाचा जिना तू पुरा कर," ते म्हणाले. "हा आठवडा येतो मी, तुला समजावून द्यायला. मग पुरे. खूप चढलो."

ताईने घरी जाऊन ताट वाढून घेतलं आणि तसंच ठेवलं. नवऱ्याने चिडवलं नाही, यावरून समजा. त्याने विचारलं, "मिळवून देणारी दुकानं असतात ना, पुसलेलं परत काढून देणारी?" त्या दुकानात ती आदल्या दिवशीच जाऊन आली होती. दुकानदाराने सांगितलं होतं की त्या जागेवर नवं लिहिलं गेलंय, आता हाती काही लागायचं नाही. लेक, जी आता कॉलेजात जाते, आईच्या पाठीवर हात ठेवून बसली. "आई, तू मुद्दाम केलं नाहीस."

"मुद्दाम नाही केलं म्हणून त्यांचा हात परत येतोय का?" ताई म्हणाली आणि रडली. जिने मला दिले या माणसाने, आणि मी त्याला काय दिलं, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कठडेवाल्याचा फोन. "अहो बाई, तुमचं झालं असेल साफ, आमचं कोण करणार? तुम्हीच म्हणालात ना, तुम्हाला यातलं कळतं म्हणून?" तिने असं काही म्हटलं नव्हतं. पण ग्रंथालयाचा कठडा त्याच्याकडेच होता, आणि मालकीणबाई म्हणाल्या, जाऊन ये. ती नाक मुठीत धरून गेली.

कठडेवाल्याचं ऑफिस म्हणजे वेल्डिंगच्या शेडच्या कडेला काचेचं एक खोकं. कीबोर्डवर लोखंडाची काळी पूड. त्याने तिला खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि अपराध्यासारखा म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी सांगितलंत ना, पुसून टाका, तर मी म्हटलं बघू उद्या. मग उद्या बघू. राहूनच गेलं. मी पडलो आळशी."

ताईने शोध लावला. त्या नावाच्या फाइलींची रांगच पडद्यावर उतरली, फोल्डरागणिक एक. तिने सगळ्या एकदम निवडल्या. बोट पुसायच्या बटणावर गेलं. आणि तिथेच थांबलं. एकदा पोळलेली होती ती. न बघता पुसायचं नाही असा तिने कानाला खडा लावला होता. चालवायची नाही, नुसती वाचायची, म्हणून एक फाइल तिने साध्या मजकुरासारखी उघडली.

पहिलीच ओळ: आधी पाणी प्या, मग रेघ मारा.

तिने हातातला कप बाजूला ठेवला. खाली सगळं होतं. पायऱ्यांची उंची वाटणारी कमांड, डाव्या हाताची अक्षरं, "जी", आणि कंसात कंस, कंसात कंस. अगदी शेवटी, काकांचा मजकूर संपल्यावर, चार परक्या ओळी येऊन चिकटल्या होत्या. तो व्हायरस. त्याने काकांची फाइल खाल्ली नव्हती. तिच्या शेपटीला लटकून, तिला आख्खी पाठीवर घेऊन तो फोल्डराफोल्डरांत हिंडत राहिला होता. ताईच्या खोलीतून निघून इथवर आला होता.

म्हणजे रोग कठडेवाल्याकडून कारखान्यात गेलाच नव्हता. तिकडून इकडे आला होता, तिच्याच नाक्यावरून. मुळात कुणाच्या फोल्डरातून तो आत शिरला ते आजवर कळलेलं नाही, पण कसा शिरला ते तिला तिथेच उमगलं. नाक्यावर ते नाव दिसलं असेल आणि तिने मान हलवली असेल, की ही आपल्या घरचीच, काकांची. घरचं माणूस म्हणून चोराला तिने स्वतः दार उघडून दिलं होतं, आणि आत सगळ्यांनी सवयीने "हो" दाबलं होतं.

ती उठून उभी राहिली. "माझं चुकलं हो," ती कठडेवाल्याला म्हणाली. "तुमच्याकडून नव्हतं आलं. आमच्याकडून तुमच्याकडे आलं. मी फोनवर नाही नाही ते बोलले."

"जाऊ द्या हो," तो गडबडला. "रडताय कशाला? मशीन तर मशीन, होईल दुरुस्त."

"तुम्ही पुसलं नाहीत ना, त्यासाठी रडतेय. तुमच्या आळसाचे माझ्यावर फार उपकार झाले. जन्मभर विसरणार नाही."

कठडेवाल्याला आयुष्यात आळसाबद्दल कुणी धन्यवाद दिले नव्हते. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "माझ्या बायकोला एकदा सांगा हे."

आता ती फाइल न्यायची कशी? पेन ड्राइव्ह तिच्या पर्समध्ये होता. पण आजारी मशीनला लावलेला पेन ड्राइव्ह आपल्या खोलीत न्यायचा, हे तिच्याच नियमात बसेना, आणि आज तर स्वतःच्या नाक्यावरही तिचा विश्वास राहिला नव्हता. तिने सरळ प्रिंट काढली. कागदाला व्हायरस लागत नाही. मग कठडेवाल्याची खुणा करायची लाल पेन्सिल घेऊन शेवटच्या चार ओळींवर काट मारली, एकदा, आणि जोर धरून पुन्हा एकदा. त्याच्या मशीन तिने संध्याकाळपर्यंत बसून साफ करून दिल्या, प्रत्येक फाइल उघडून, वाचून, मगच पुसून. कागदांची घडी अशी घातली की पाण्याची ओळ वर यावी. घडी घालायचं काम तिला जुनंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिने ते कागद काकांच्या टेबलावर ठेवले. काकांनी चष्मा लावला. एकेक पान उलटून पाहिलं. मग डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवून म्हणाले, "हे माझंच आहे की गं. कुठे गेलं होतं?"

"फिरायला," ताई म्हणाली. "कठडेवाल्याकडे पाहुणचार घेत होतं."

काका वाचत गेले, ती टाइप करत गेली. लिहिताना विसरणारे काका वाचताना एकही कंस सोडत नव्हते. "उघड. उघड. आता बंद. आणखी एक बंद," असं त्यांचं चाललं होतं, आणि खोलीतली बाकीची माणसं आपापली कामं सोडून भोवती उभी राहिली होती. मालकीणबाईही दारात येऊन थांबल्या, पेन ड्राइव्ह आपणहून नाक्यावर ठेवून. शेवटच्या काळात बसवलेली एक कमांड त्या प्रिंटमध्ये नव्हती. काका म्हणाले, "ती नसलेलीच बरी, चुकीची होती. तुला सांगायची लाज वाटत होती मला."

या वेळी ताईने फाइलला वेगळं नाव दिलं, एका कुलूपबंद फोल्डरात ठेवली, आणि प्रोग्रामला सांगितलं की फक्त या फोल्डरावर विश्वास ठेव. आता प्रोग्राम रोज विचारणार नव्हता. आणि कधी विचारलंच तर उत्तर "नाही". तिने हे प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, मालकीणबाईंना दोनदा.

मशीन सुरू झाली. पाण्याची ओळ उमटली. काकांनी "जी" दाबलं, आणि ग्रंथालयाचा जिना नळाभोवती फिरत फिरत वरपर्यंत उभा राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी पिशवीतून पट्टी काढली, चष्म्याचं घर काढलं, औषधाची डबी काढली आणि सगळं खणात होतं तिथे ठेवलं. ताईने नाक्यावर जाऊन पाठ फिरवून डोळे पुसले. काका उद्याही येणार होते, परवाही येणार होते, आणि तिला दुसरं काही नको होतं.

गोष्ट इथे संपली असती. पण आठवड्याभराने एका सकाळी प्रोग्राम रुसला. एकाही मशीनवर काकांची कमांड चालेना, पाण्याची ओळही येईना. ताईने फाइल साध्या मजकुरासारखी उघडली आणि ओळ न ओळ वाचत खाली गेली. कुलूपबंद फोल्डराची किल्ली तिच्याखेरीज एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस खिडकीतून मुद्दाम बाहेर बघत होता.

सगळ्यांत शेवटी, जिथे पूर्वी व्हायरसच्या चार ओळी चिकटल्या होत्या त्या जागी, एक नवी ओळ होती. एका बोटाने, डाव्या हाताने, कुणाला न विचारता लिहिलेली. झटक्यानंतर काकांनी स्वतःहून लिहिलेली पहिली ओळ. प्रोग्रामने पाण्याच्या ओळीखाली हे दाखवावं अशी ती आज्ञा होती: हा जिना ताईने धरून ठेवला आहे.

कंस उघडला होता आणि बंद करायचा राहिला होता.

ताईने तो बंद केला.